मी मागितला तरी द्यायचा नाही

मल्हारी निरभवणे व्हिएतनामला निघालेत ही बातमी पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या कॉलनीत व्हिसाच्या आधी पोचली. व्हिसा यायचा होता, पण समोरच्या बिल्डिंगमधला महेश दोंदे त्याच संध्याकाळी आला, सोफ्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "व्हिएतनाम कशाला, भाऊ? सगळे थायलंडला जातात."

"सगळे जातात म्हणूनच," मल्हारीराव म्हणाले. हे उत्तर त्यांनी पतसंस्थेच्या काउंटरवर बसून दिवसभर घासूनपुसून तयार केलं होतं. महेशनं निदान भुवया तरी उंचवाव्यात एवढी अपेक्षा होती. त्यानं फक्त बिस्किट चहात बुडवलं.

महेश स्वतः फार तर शिर्डीपर्यंत गेलेला. पण त्याचा मेहुणा एकदा दुबईला जाऊन आला होता आणि तेवढ्या भांडवलावर महेश अख्ख्या कॉलनीला परदेश समजावून सांगायचा. "एक करा भाऊ. सिम घरी ठेवून जा. आमच्या मेहुण्यानं नुसतं चालू ठेवलं होतं. बोललासुद्धा नाही कुणाशी. आल्यावर बिल बघितलं आणि बुलेट विकली."

मल्हारीरावांकडे बुलेट नव्हती. जुनी स्कूटर होती आणि ती विकून कसलंही बिल भागलं नसतं. म्हणून ठरलं की त्यांचं सिम आईच्या बटणांच्या फोनमध्ये घालून घरीच ठेवायचं आणि तिकडे उतरल्यावर दोघांत मिळून तिकडचं एकच घ्यायचं.

हे ठरतंय तोवर खालच्या मजल्यावरच्या भागीबाई साखर मागायला म्हणून आल्या आणि साखर विसरून बसल्या. "ते सिमचं ठीक आहे, पण पैसे सांभाळा. वणीला यात्रेत माझी पर्स मारली ना, तेव्हापासून मी पैसे पर्समध्ये ठेवतच नाही."

"मग कुठं ठेवता?" मल्हारीरावांनी विचारलं.

"ते मी तुम्हाला सांगेन होय?" भागीबाई म्हणाल्या.

हे वाक्य मल्हारीरावांना फार पटलं. पैसे लपवायचे तर कुणालाच सांगायचं नाही. कुणालाच म्हणजे बायकोलाही नाही. आता नाशिकचा माणूस चिवड्याशिवाय त्र्यंबकच्या पलीकडे जात नाही, तेव्हा व्हिएतनामच्या बॅगेत चिवड्याचा स्टीलचा डबा असणारच होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी राखी पार्लरला गेलेली आणि आई विहारात गेलेली बघून त्यांनी डब्याच्या तळाशी हॉटेलच्या बिलाचे सगळे डॉलर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले, वर गच्च चिवडा दाबला, झाकण लावलं आणि डबा बॅगेत होता तसा ठेवला. जगातला कुठलाही चोर पर्स मारेल, पाकीट मारेल, चिवडा कशाला मारेल? रात्री जेवताना ते स्वतःशीच दोनदा हसले. राखीनं विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही, सहज."

मल्हारीरावांचं आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमजायचं नाही. गेल्या वर्षी पतसंस्थेनं त्यांना सायबर फसवणुकीवरच्या एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं होतं. सकाळी गेले तेव्हा ते वरिष्ठ लिपिक होते, संध्याकाळी आले ते मार्गदर्शक होऊन. तेव्हापासून कॉलनीत कुणाच्या फोनवर काही टुंग वाजलं की मल्हारीरावांना बोलावणं. रविवारी वंदना झाली की विहाराच्या हॉलमध्ये ते उभे राहायचे आणि पाच नियम समजावून सांगायचे. आधी त्याला ते 'सायबर पंचशील' म्हणणार होते, पण आई म्हणाली, "पंचशीलाला हात लावू नकोस, नुसतं नियम म्हण," म्हणून नुसते नियम. पहिला नियम, परदेशी नंबर उचलायचा नाही. दुसरा, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. तिसरा, आवाज ओळखीचा वाटला तरी भुलायचं नाही, हल्ली कुणाचाही आवाज काढता येतो. चौथा, व्हिडिओ दिसला तरी समोरच्याला तोंडापुढून हात फिरवायला सांगायचं, चेहरा फाटला की तो बनावट. आणि पाचवा, समोरचा रडायला लागला की फोन ठेवायचा, कारण भामटेच सगळ्यात जास्त रडतात.

सगळ्यात हुशार विद्यार्थिनी त्यांची आई, पुतळाबाई. पहिल्या रांगेत बसायची. निघायच्या दिवशी तर मल्हारीरावांनी तिची तोंडी परीक्षाच घेतली. "या फोनवर माझ्या बँकेचे ओटीपी येतील. कुणी मागितला तर?"

"नाही द्यायचा."

"सुयशनं मागितला तर?" सुयश म्हणजे मुलगा, पुण्याला इंजिनिअरिंगला.

"नाही द्यायचा."

"आणि मी मागितला तर?"

पुतळाबाईंनी मान वर केली. "तू मागितलास तरी नाही?"

"मी मागितला तरी द्यायचा नाही," मल्हारीराव बोट वर करून म्हणाले. दारात महेश आणि भागीबाई निरोप द्यायला उभे होते. त्यांनीही माना डोलावल्या. राखी रिक्षात बॅगा चढवत होती.

व्हिएतनाममधले पहिले दिवस झकास गेले. विमानतळावर थोडे रुपये बदलून घेतलेले, त्याचे इतके लाख डाँग हातात आले की मल्हारीराव रस्त्यानं चालताना खिशावर हात ठेवून चालत. नारळपाण्याला हजारांत पैसे मोजताना त्यांना बरं वाटायचं. दा नांग शहरात समुद्राजवळ गल्लीत एक छोटं हॉटेल होतं. मालकीणबाई पन्नाशीची, हसरी, काउंटरमागे बुद्धाची लहानशी मूर्ती, समोर फळं नि उदबत्ती. राखी रोज सकाळी खाली आली की मूर्तीपुढे हात जोडायची, मग ती बाईही जोडायची, आणि एकमेकींची भाषा न कळता दोघी दहा मिनिटं हसायच्या. पासपोर्ट मात्र त्या बाईनं पहिल्याच दिवशी घेऊन मूर्तीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते. बिल जाताना द्यायचं, पासपोर्ट जाताना न्यायचे. व्यवहार म्हणजे व्यवहार.

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. खिशातले लाख संपत आले होते. राखी अंघोळीला गेलेली बघून मल्हारीरावांनी डबा काढला, पलंगावर हॉटेलचा टॉवेल पसरला आणि चिवडा ओतायला सुरुवात केली. पोहे आले. शेंगदाणे आले. खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, तळलेल्या मिरच्या आल्या. मग डब्याचा तळ आला. त्यांनी डबा उलटा करून ठोकला. मग चिवड्यातून बोटं फिरवली, आधी वरून, मग खालून, मग एकेक मूठ बाजूला काढून. राखी बाहेर आली तेव्हा नवरा चिवडा निवडत बसला होता, तांदूळ निवडतात तसा.

"काय शोधताय?"

सांगणं भागच होतं. सांगितलं. राखी पलंगाच्या कडेवर बसली आणि रिकामा डबा हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाली, "अहो, हा तो डबा नाहीच. निघताना आईंनी बदलला. तो चिवडा खवट झालाय म्हणाल्या, परदेशात कुणाला द्यायची वेळ आली तर नाशिकचं नाव जाईल. रात्री उठून त्यांनी नवा केला आणि दुसऱ्या डब्यात भरला. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?" राखीनं विचारलं. मल्हारीराव चिवडा परत डब्यात भरू लागले.

तरी ते घाबरले नाहीत. कार्ड होतं ना. खाली जाऊन एटीएममध्ये कार्ड घातलं. मशीननं ते बाहेर काढलं. उलटं घातलं, पुसून घातलं, तिथून तिसऱ्या गल्लीतल्या मशीनमध्ये घातलं. परदेशात वापरायची परवानगी चालू करायची राहिली होती. ती बँकेच्या ॲपवरून चालू करतात. ॲप म्हणालं, या फोनमध्ये तुमचं सिम नाही. मग वेबसाइट उघडली. ती म्हणाली, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

तो नंबर पाथर्डी फाट्यावर, पुतळाबाईंच्या उशाखाली होता.

मल्हारीरावांनी आईला फोन लावला. नव्या नंबरवरून. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत बंद झाला. पहिला नियम आई इतक्या काटेकोरपणे पाळत होती की दुसऱ्या कुणाची आई असती तर त्यांनी तिचा दाखला विहारात दिला असता. मग त्यांनी महेशला लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"महेश, मी मल्हारी बोलतोय."

मग महेशचा आवाज आला, अगदी थंड. "वा. हुबेहूब काढलाय. खोकलासुद्धा तस्साच."

"अरे, मीच आहे. अडचणीत आलोय. आईला सांग, फोनवर ओटीपी आलाय, तो—"

"आलं, ओटीपीवर आलं," महेश कुणाला तरी म्हणाला. "या या, ऐका. भाऊंचा आवाज काढून बोलतोय."

व्हिडिओ लावा, मल्हारीराव म्हणाले. लावला. महेश, भागीबाई आणि पोर्चमधली आणखी दोन डोकी स्क्रीनवर दाटली. "तोंडापुढून हात फिरवा," महेशनं फर्मावलं. मल्हारीरावांनी फिरवला. हॉटेलचं वायफाय नेमकं तेव्हा अडखळलं. हात नाकाशी थांबला, अर्धा चेहरा उजवीकडे सरकला, एक डोळा कानाजवळ गेला.

"फाटला," भागीबाई समाधानानं म्हणाल्या.

सुयशला फोन केला. त्यानं लगेच विश्वास ठेवला, कारण बापाकडे पैसे नाहीत ही गोष्ट त्याला खोटी वाटायचं कारण नव्हतं. "बाबा, माझ्या खात्यात तीनशे चाळीस आहेत, चालतील का? आणि उद्या पेपर आहे, नाहीतर मीच गेलो असतो नाशिकला." त्यानं आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो. तुझा बापच सांगत होता. अभ्यास कर." म्हणजे तो खरा सुयश असेल तर अभ्यास करेल आणि खोटा असेल तर गप्प बसेल, असा दुहेरी बंदोबस्त.

शेवटी महेशच्याच फोनवर, स्पीकर लावून, चार माणसांच्या साक्षीनं पुतळाबाई बोलायला तयार झाल्या. मल्हारीरावांनी ठरवलं होतं की अगदी शांतपणे, मुद्देसूद बोलायचं. पण आईचा "हॅलो" ऐकला आणि सगळे मुद्दे विसरायला झाले. सकाळपासून नीट खाणं नाही, बायको बोलत नाही, पासपोर्ट ड्रॉवरमध्ये, आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस परक्या गल्लीत चिवड्याचा वास येणारा फोन धरून उभा. "आई, तुझ्या पाया पडतो. ओटीपी सांग. दिवसभर उपाशी आहे गं मी." आवाज फाटला. नाक ओढलं गेलं. तेवढं पुरे झालं.

"रडतोय," महेश म्हणाला. "पाचवा नियम."

पुतळाबाई आधी दोनदा खाकरल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मुलानं सांगितलंय, त्याच्या आवाजात कुणी मागितला तरी द्यायचा नाही." आणि फोन बंद झाला.

इथवरही निभावलं असतं. पण महेश उत्साही माणूस. त्यानं लगोलग पुतळाबाईंकडून तो बटणांचा फोन घेतला, बँकेच्या नंबरवर लावला आणि मल्हारी निरभवणे यांचं कार्ड बंद करून टाकलं. नोंदवलेल्या नंबरवरूनच फोन आल्यामुळे बँकेला काही शंका यायचं कारण नव्हतं. मग त्यानं विहारात भाषण करतानाचा मल्हारीरावांचा फोटो लावून सगळ्या ग्रुपवर टाकलं: सावधान. आपले मार्गदर्शक मा. मल्हारी निरभवणे यांचा चेहरा व आवाज वापरून एक भामटा परदेशातून पैसे मागत आहे. हात फिरवायला सांगावे. पुढे पाठवा. लोकांनी पुढे पाठवलं. लोकांना पुढे पाठवायला सांगावंच लागत नाही.

त्या संध्याकाळी दोघांनी चिवडा खाल्ला. मल्हारीराव म्हणाले, "चिवडा मात्र झकास झालाय." राखीनं डबा आपल्याकडे ओढून घेतला.

सकाळी मालकीणबाईला परिस्थिती सांगितली. भाषांतराच्या ॲपमध्ये मल्हारीराव मराठीत बोलले, ॲप व्हिएतनामीत बोललं, मग बाई बोलली आणि ॲप मराठीत म्हणालं, "मला तुमच्याबद्दल दुःख आहे. कृपया दुपारपर्यंत पैसे द्या." तिनं राखीला दोन केळी दिली. ड्रॉवर काही उघडला नाही.

काय करावं हे न सुचून मल्हारीराव समुद्रावर गेले. विमान संध्याकाळी, पासपोर्ट बुद्धाच्या पायाशी, आणि ओळखीचं म्हणून एक माणूस नाही. पतसंस्थेत उद्या हजर व्हायचं आहे. उशीर का झाला विचारलं तर काय सांगणार? मार्गदर्शकांना ओटीपी मिळाला नाही? या विचारात चालत असताना मागून आवाज आला, "ए भिकन, ती शेव इकडं दे ना. लय खाल्ली तू."

मल्हारीराव जागच्या जागी वळले. वाळूत सात-आठ माणसं भगव्या टोप्या घालून गोल बसली होती. टोप्यांवर कुठल्याशा कीडनाशक कंपनीचं नाव होतं. मधे शेवेची पिशवी. कंपनीनं दुकानदारांना सहल दिलेली दिसत होती. मल्हारीरावांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"तुम्ही नाशिकचे?"

"दिंडोरीचे," एक जाडजूड गृहस्थ म्हणाले. "मी गेणू. औषधांचं दुकान हाय, द्राक्षाच्या औषधांचं. तुम्ही?"

"पाथर्डी फाटा."

मग काय विचारता. शेव पुढे आली, वाळूवर जागा झाली, फाट्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या देऊन झाल्या. यंदा द्राक्षबागेवर भुरीचा रोग किती आला याचंही बोलणं झालं, ज्यातलं मल्हारीरावांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जरा एक तात्पुरती अडचण आलीये हो."

गेणूशेठचा हात शेवेच्या पिशवीतच थांबला. त्यांनी मल्हारीरावांकडे नीट बघितलं. खिशातून फोन काढला, त्यात बघितलं, परत मल्हारीरावांकडे बघितलं. "भिकन, हे बघ रे. हा त्योच हाय का नाय?"

भिकन वाकून बघू लागला. "त्योच हे. शर्ट बी त्योच."

"अहो, तो मीच आहे. म्हणजे खरा मी आहे. तो जो खोटा आहे, तो पण मीच होतो," मल्हारीराव म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे बोलण्याऐवजी गप्प बसलेलं बरं होतं.

"तोंडाफुडून हात फिरवा," भिकन म्हणाला.

"अहो, मी समोर बसलोय तुमच्या."

"फिरवा ना. फिरवायला काय जातं?"

आणि मल्हारी निरभवणे, नियमांचे कर्ते, दा नांगच्या किनाऱ्यावर सात-आठ माणसांसमोर स्वतःच्या तोंडापुढून हात फिरवू लागले. शेजारून जाणाऱ्या एका गोऱ्या म्हातारीला ते नमस्कार करतायत असं वाटलं. तिनंही हात हलवला.

"फाटला नाय," भिकन म्हणाला. "पण आता काय सांगता येत नाय. लय पुढं गेलेत लोकं."

नेमकी तेव्हाच राखी नवऱ्याला शोधत तिथं आली. नवरा वाळूत बसून शेव खाताना आणि हात हलवताना तिनं बघितला, आणि कालपासून आवरून धरलेलं सगळं एकदम सुटलं.

"शेव खाताय? इथं शेव खाताय? तिकडं ती बाई घड्याळ बघतीये आणि तुम्ही शेव खाताय. चिवड्यात पैसे ठेवतं का हो कुणी? सांगायचं नाही, बोलायचं नाही, सगळं गुपित. त्या स्कूटरला दुसरं कुलूप लावलंत, किल्ली अशी लपवलीत की अजून सापडली नाही, ती स्कूटर उन्हात सडतेय. माझी पोत सुरक्षित म्हणून कणकेच्या डब्यात ठेवलीत, मी कणीक मळताना निघाली. माझ्या भावाच्या लग्नाला निघालो तर गॅस बंद केला का बघायला अर्ध्या वाटेतून परत, गॅस बंदच होता, लग्न लागून गेलं होतं. आणि वर नियम. लोकांच्या म्हाताऱ्या माणसांना नियम शिकवा. शिकवा ना. ती बिचारी पोरासारखी ऐकतात तुमचं. त्यांना कळतं, तुम्हालाच कळत नाही. मी सांगून ठेवते, मला पासपोर्ट मिळाला ना, मी एकटी जाईन. तुम्ही बसा इथं, डबा घेऊन."

ती थांबली ती दम लागला म्हणून. भगव्या टोप्या सगळ्या खाली झाल्या होत्या. गेणूशेठनी पिशवीची गाठ मारली, उठले, पँटची वाळू झटकली.

"वहिनी, बसा. बिल किती हाय?"

"तुम्हाला पटलं?" मल्हारीरावांनी विचारलं.

"आवाज काढता येतो, थोबाड काढता येतं," गेणूशेठ म्हणाले. "हे कुणाला काढता येत नाय. आमच्या घरी बी सेम हाय." बाकीच्यांनी माना हलवल्या. कंपनीनं खाण्यापिण्याचा खर्च केल्यामुळे सगळ्यांकडे डॉलर पडून होते. गोळा झाले. लिहून देतो म्हटलं तर गेणूशेठ म्हणाले, "लिहून काय घेऊ? तुमचा फोटो हाय की आमच्याकडं."

दुपारी ड्रॉवर उघडला. मालकीणबाईनं पासपोर्ट दिले, राखीला मिठी मारली आणि डब्यात उरलेला चिवडा मागून घेतला.

नाशिकला रिक्षातून उतरतायत तोवर महेश गेटवर हजर. "भाऊ, तुम्ही तिकडं मजा करत होतात, इथं आम्ही तुमचं खातं वाचवलं. काय भामटा होता. रडला हो शेवटी, आईच्या पाया पडतो म्हणाला."

बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मल्हारीरावांनी राखीकडे बघितलं. राखी गुलमोहराकडे बघत होती. "हो का?" मल्हारीराव म्हणाले. एकदा 'हो का' म्हटल्यावर मग खरं सांगायची सोय उरली नाही.

स्वयंपाकघरात फळीवर जुना डबा तसाच होता. पुतळाबाई म्हणाल्या, "खवट झालाय, पाखरांना टाकणार होते, पण राहिलं." ते राहिलं म्हणून बरं. गेणूशेठ सहलीहून परतल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मल्हारीराव बसनं दिंडोरीला गेले. गेणूशेठनी नोटा हातात घेतल्या, हुंगल्या आणि गल्ल्यात टाकायच्या आधी भिकनला बोलावून त्यालाही हुंगायला दिल्या.

रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या हॉलमध्ये पुतळाबाईंचा सत्कार होता. महेशनं सविस्तर भाषण केलं. त्यात भामट्याचा खोकला होता, फाटलेला चेहरा होता, आणि रडणं तर त्यानं करूनच दाखवलं. सगळे पोट धरून हसले. पहिल्या रांगेत मल्हारीराव टाळ्या वाजवत होते. शेजारी राखी त्यांच्यापेक्षा जास्त जोरात वाजवत होती.

"आणि आता," महेश म्हणाला, "ज्यांच्या शिकवणीमुळे हे झालं, त्या आपल्या मार्गदर्शकांच्याच हस्ते आईंना शाल."

मल्हारीराव उठले. शाल उलगडली आणि आईच्या खांद्यावर टाकायला वाकले. पुतळाबाईंनी पदर सारखा केला आणि शालीच्या आडून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं विचारलं, "त्या दिवशी उपाशीच झोपलास का रे?"

शाल मल्हारीरावांच्या हातातच राहिली. टाळ्या चालू होत्या. "तू ओळखलं होतंस?"

"पोराचं रडणं ओळखू येत नाही होय?"

"मग दिला का नाहीस, आई?"

"चार माणसं कान लावून उभी होती. त्यांच्यादेखत मी तुझा नियम मोडला असता, तर उद्या तुझं कुणी ऐकलं असतं?" पुतळाबाई समोर बघून हसतच बोलत होत्या, फोटो काढणं चाललं होतं. "आणि राखी होती ना बरोबर. तिनं निभावलं असणार, हे माहीत होतं मला. पोटाचीच काळजी लागून राहिली होती."

मल्हारीरावांनी शाल नीट बसवली. एक टोक सारखं घसरत होतं, ते त्यांनी दोनदा सारखं केलं. मग आईच्या पाया पडायला वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. महेश म्हणाला, "भाऊ, इकडं बघा, फोटो."

"उपाशी नाही झोपलो," ते खालूनच म्हणाले. "चिवडा होता."

"ताजा केला होता म्हणून बरं," पुतळाबाई म्हणाल्या.